घरच्या सर्व्हरसाठी जुने १० गिगाबिट नेटवर्क कार्ड निवडताना

सांगलीत बसून सर्व्हरचे जुने कार्ड मागवायचे तर ते बहुधा कुरिअरनेच येते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून कार्डाच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे मागवावीत. त्यांत प्रथम खालची सोनेरी जोडपट्टी पाहावी. डेल आणि एचपी यांची काही कार्डे केवळ त्यांच्याच सर्व्हरसाठी वेगळ्या आकारात बनवलेली असून, ती कितीही स्वस्त मिळाली तरी साध्या मदरबोर्डावर बसत नाहीत.

इंटेल एक्स५२० हे पीसीआय एक्स्प्रेस २.० (मदरबोर्डावरील कार्डांची खाच) चे आठ लेनचे, म्हणजे डेटाच्या आठ वाटांचे, कार्ड आहे. चार लेन मिळाल्या तरी त्या एका १० गिगाबिट पोर्टाला पुरतात, एका लेनवर मात्र निम्माही वेग मिळत नाही. हे कार्ड इतर कंपन्यांची एसएफपी प्लस मॉड्यूल (केबल जोडण्यासाठी पोर्टात बसवायचे छोटे भाग) सहसा नाकारते. लिनक्समध्ये ड्रायव्हरला तसा पर्याय देऊन ती चालवता येतात. मेलॅनॉक्सचे कनेक्टएक्स-३ याबाबतीत सोशिक आहे, परंतु ईएसएक्सआय ८ (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) मधून त्याचा ड्रायव्हर वगळला गेला आहे.

खरी अडचण उष्णतेची. ही कार्डे सर्व्हरमधील जोरदार वाऱ्याच्या भरवशावर बनवलेली असल्याने त्यांवर बहुधा पंखा नसतो, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे पाहता हीटसिंकवर एक लहान पंखा बसवणेच बरे. सर्व्हर आणि स्विच शेजारी असतील तर डीएसी केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेलीच येणारी तांब्याची केबल) घ्यावी, कारण साध्या नेटवर्क केबलसाठीचे आरजे४५ चे मॉड्यूल बरेच तापते. कार्ड हाती येताच अर्धा तास सलग आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवून पाहावे आणि परत करण्याची मुदत असेपर्यंतच निर्णय घ्यावा.