घरच्या तव्यावर पातळ, मऊ गोड क्रेप

क्रेप, म्हणजे मैद्याचे फ्रेंच पातळ घावन, चामट झाले तर बहुतेक वेळा पीठ भिजवल्या भिजवल्या तव्यावर गेलेलं असतं. मैदा फेटला की त्यातलं ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) आवळून येतं, ते सैल व्हायला आणि मैद्यात दूध नीट मुरायला निदान अर्धा तास तरी पाहिजेच, तासभर दिला तर छानच, आणि फ्रिजमध्ये रात्रभर राहिलं तरी चालतं म्हणून नाष्ट्याला करायचे असतील तर आदल्या रात्रीच भिजवून ठेवा. बाकी काही घाईत केलं तरी चालेल पण हे नको.

१ कप मैदा, २ अंडी, सव्वा कप दूध, १ चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि २ मोठे चमचे वितळवलेलं बटर, एवढ्यात मध्यम आकाराचे आठ-दहा होतात. दूध एकदम ओतू नका, आधी अंडी आणि थोडंसंच दूध घालून घट्ट फेटा, घट्ट पिठात गुठळ्या मोडतात, पातळात नुसत्या तरंगत राहतात. मग उरलेलं दूध आणि बटर. डोशाच्या पिठापेक्षा बरंच पातळ हवं, मुरल्यावर घट्ट वाटलं तर दूध घाला. अंडी नको असतील तर करता येतात, पण अंड्यानेच ते धरून राहतं, त्यामुळे थोडे जाडसर आणि लहान घाला.

आता तवा. २० सेंटीमीटरचा नॉनस्टिक पॅन मध्यम आचेवर तापवून कापडाने बटरचा हात फिरवून घ्या (डोशाला चोळतो तो कांदा इथे अजिबात नको, वास लागतो). पॅन गॅसवरून उचला, मधोमध पाव कपाहून जरा कमी पीठ ओता आणि लगेच पॅन गोल गोल कलता करा, पळीने पसरवायला जाऊ नका, फाटतं. पीठ पडल्या पडल्या चर्र होऊन भोकं पडली तर तवा जास्त तापलाय. कडा सुटून लालसर झाल्या की, साधारण मिनिटभरात, उलटा आणि दुसरी बाजू अर्धा मिनिटच. झालेले एकावर एक रचून झाकून ठेवा, त्यांच्याच वाफेने मऊ राहतात.

वरून काय? फ्रान्सच्या ब्रिटनी भागात क्रेपला खारं बटर आणि साखर लावतात आणि मला त्याच्यापुढे चॉकलेट स्प्रेड फिकं वाटतं, शिवाय आपलं रोजचं अमूल बटर खारंच असतं, तेव्हा गरम क्रेपवर ते फासून साखर भुरभुरवा, घडी घाला, झालं. लिंबू-साखरही मस्त लागते. सीझनमध्ये हापूसच्या फोडी आणि साय. आणि ओलं खोबरं, माडाचा गूळ, वेलची शिजवून आत गुंडाळलं की गोव्यातले आलेबेले तयार, चहासोबत खायचे. सारण मात्र कोरडं करा, ओलं राहिलं तर क्रेप भिजून फाटतो.

उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतं, खाली बसतं म्हणून ओतायच्या आधी ढवळा.