एसएसवर (स्टेनलेस स्टीलवर) हात रेंगाळू देऊ नका: वेल्डिंगच्या वेगातल्या या चुका टाळा

बीड (वेल्डिंगची भरलेली रेघ) चकचकीत, गिऱ्हाईक खूश, आणि काही महिन्यांनी टाकी परत दारात. गंज कुठे? बीडवर नाही. बीडच्या दोन्ही बाजूंना, थोडं अंतर सोडून, रेघ ओढल्यासारखा. ३०४ या नेहमीच्या एसएसच्या जाड टाकीवर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पत्र्यावरच संशय घेतला. पत्रा बरोबर होता. आमचा हात सावकाश चालला होता.

एमएसवर (माइल्ड स्टील, साध्या लोखंडावर) तयार झालेल्या हाताला 'जरा पक्कं बसू दे' म्हणत थांबायची सवय असते. इथे तीच नडते. ३०४ मधून उष्णता एमएसच्या जवळपास एक तृतीयांश वेगानेच पुढे सरकते आणि पत्रा फुगतो दीडपट. म्हणून ताप जोडापाशीच साठतो, पत्रा वाकतो.

हिशोब करून बघा. टिगवर (आर्गन गॅसच्या आडोशात होणाऱ्या वेल्डिंगवर) १०० अँपिअर, १२ व्होल्ट. हात मिनिटाला १०० मिलिमीटर चालला तर दर मिलिमीटरला ०.७२ किलोज्यूल. हात ६० वर आला की १.२. मशीनचं बटण कुणी हलवलेलं नाही, तरी उष्णता दीडपटीच्या वर! धातू ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला की त्यातला कार्बन क्रोमियमला धरतो, धातूच्या कणांच्या कडांवर कार्बाइड (दोघांचं संयुग) बसतं, शेजारचं गंज रोखणारं क्रोमियम कमी होतं आणि गंज तिथूनच शिरतो. कणही मोठे होतात, म्हणून ताकदही घटते. पातळ पत्र्यावर एकाच रनमध्ये (वेल्डिंगच्या एका फेरीत) हे क्वचितच घडतं. जाड जॉबवर, न थांबता रनवर रन मारले की घडतं. दोन रनमध्ये जॉब १५० अंशांखाली येऊ द्या, टेंपरेचर चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) लावून तपासा. कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच असलेला ३०४एल पत्रा आणि ३०८एल फिलर (जोडात वितळवून भरायची तार) घेतलात तर धोका बराच कमी होतो.

म्हणून करंट चढवून हात पळवायचा का? तेही नको. जोडाचं मूळ (तळ) नीट वितळत नाही, कडेला अंडरकट (बीडलगतची खाच) पडतो. वितळलेला धातू अंडाकार न राहता मागे निमुळता होतो आणि बीडच्या मधोमध उभी चीर जायची भीती असते.

रंग बघा, पण एकट्या रंगावर निकाल देऊ नका. सोनेरी रंग चांगला. निळा-जांभळा किंवा काळपट आला तर आधी आर्गन तपासा: कप (टॉर्चच्या टोकाची गॅसची नळी) लहान आहे का, बीड संपताच टॉर्च लगेच उचलला जातोय का. गॅस ठीक असेल तर हात मंद आहे. त्याच जाडीच्या तुकड्यावर १०० मिलिमीटरची खूण करा आणि हेल्परला घड्याळ धरायला सांगा.

गंजाची रेघ उमटलीच असेल तर पिकलिंग पेस्ट (एसएस साफ करायची आम्लाची पेस्ट) लावून धुवा. एमएसवर वापरलेला वायर ब्रश तिथे फिरला होता का, तेही विचारा. तसला गंज वरवरचा असतो, निघून जातो. पेस्टनंतरही त्याच ओळीत परत आला तर तेवढा पट्टा कापून नवा बसवावा लागतो. वरून आणखी एक रन मारू नका, त्याने शेजारचा धातू पुन्हा त्याच तापमानात जातो.