जुनं रॅपर आणि रजिस्टर पाकीट कसं वाचायचं

घरातली जुनी ट्रंक उघडली की लोक मासिकांचे अंक ठेवतात आणि रॅपर, म्हणजे टपालासाठी अंकाभोवती गुंडाळलेली कागदाची पट्टी, फेकून देतात. मी उलट सांगेन: अंक वाचनालयातही मिळेल, रॅपर मिळणार नाही. एका मासिकाच्या डिस्पॅचमध्ये खळ लावण्यात माझी उमेदवारी गेली. त्यामुळे रॅपर दिसलं की आधी त्याची टोकं बघायची सवय अजून सुटलेली नाही.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. वर्तमानपत्राच्या सवलतीच्या दराने अंक पाठवायचा तर टपालखात्याला तो केव्हाही बाहेर काढून बघता आला पाहिजे, ही अट होती. म्हणून कागदाची पट्टी अंकाभोवती गुंडाळायची, खळ फक्त पट्टीच्या एका कडेला लावायची, दोन्ही टोकं उघडी ठेवायची. खळ जास्त झाली की ती आत झिरपायची आणि मुखपृष्ठ रॅपरला चिकटायचं. आमच्याकडे परीक्षा सोपी होती: रॅपर हातात धरून तिरकं केलं की अंक आपोआप सरकला पाहिजे. रॅपरवर आणि अंकावर नाव-पत्त्याखेरीज हाताने लिहिलेला मजकूर चालायचा नाही. समासात कोणी ‘ताईस नमस्कार, पुढच्या आठवड्यात येतो’ असं लिहून अंक पुढे पाठवला, तर ते पत्रच झालं. पकडलं गेलं तर ‘नॉटपेड’, म्हणजे कमी पडलेल्या पैशांच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याच्या माथी.

मग अंकाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानाचा तळ वाचा. भिंग घ्या, अक्षर बारीक असतं. तिथे दोन वेगळे क्रमांक असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक आरएनआयचा, म्हणजे वर्तमानपत्रांच्या निबंधकाकडचा. हे कार्यालय १९५६ साली सुरू झालं, म्हणून कितीतरी जुन्या मासिकांच्या क्रमांकाचा शेवट ‘/५७’ असा दिसतो. ते नोंदणीचं वर्ष आहे, अंकाचं नव्हे. नंतरच्या क्रमांकांत ‘एमएएचएमएआर’ अशी अक्षरं येतात: महाराष्ट्र आणि मराठी. दुसरा क्रमांक टपालखात्याचा, आणि सवलत मिळायची ती याच्यावर. स्वातंत्र्यापूर्वीच्या अंकांवर तो नुसता ‘रजि. नं. बी’ आणि पुढे आकडा असा असतो. बी म्हणजे मुंबई. अलीकडच्या क्रमांकांना शेवटी ‘२०१८-२०’ अशी वर्षांची जोडी असते, कारण मुदत संपली की नूतनीकरण करावं लागे. तारीख लावायला याहून सोपी खूण नाही.

त्याच ओळीत पुष्कळदा ‘पोस्टेड ॲट मुंबई पत्रिका चॅनल सॉर्टिंग ऑफिस’, म्हणजे अंक जिथे टाकला त्या टपालकचेरीचं नाव, आणि महिन्याच्या एकदोन तारखा छापलेल्या असतात. अंक ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या तारखांनाच टाकायचा असे. छापखान्याने दगा दिला की संपादकापेक्षा डिस्पॅचवाल्याचा रक्तदाब वाढायचा तो यामुळे. रॅपरवर तिकीटच नसेल तर ते पडलं असं लगेच समजू नका. ‘विदाउट प्रीपेमेंट’चा परवाना छापलेला आहे का ते बघा, तो असला की प्रत्येक अंकावर तिकीट लावावं लागत नसे.

आता सवलत कोणाला मिळायची? १८९८च्या टपाल कायद्याच्या कलम ९ नुसार अंक जास्तीत जास्त ३१ दिवसांच्या अंतराने निघायला हवा असे, त्यात मुख्यतः बातम्या किंवा चालू विषयांवरचे लेख असावे लागत आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी लागे. या ३१ दिवसांनी मराठीत बऱ्याच जणांना बाहेर ठेवलं. त्रैमासिक बाहेर, साठच्या दशकातली अनियतकालिकं बाहेर, आणि वर्षातून एकदाच निघणारा स्वतंत्र दिवाळी अंकही बाहेर. हे सगळे बुकपोस्टाने, म्हणजे छापील मजकुराच्या वेगळ्या, महाग दराने जात. म्हणून एखाद्या अनियतकालिकाच्या पाकिटावर जास्त किमतीची तिकिटं दिसली तर संपादक उधळा होता असा अर्थ काढू नये.

सवलत मात्र भरघोस होती. अगदी अलीकडे ५० ग्रॅमपर्यंतचा एक अंक २५ पैशांत जायचा, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे, पुढच्या दर १०० ग्रॅमला २० पैसे. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ला चलनातून गेलं, दर मात्र राहिला. मासिकाला जाड कागद घ्यायचा की पातळ, हे पुष्कळदा टपालाचा काटा ठरवायचा.

तारखेचा शिक्का पुसट असेल तर आजूबाजूच्या खुणा जुळवा. आणे असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीचं, ‘नये पैसे’ असतील तर तेव्हापासून १९६४च्या आसपासचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पत्रावर पाच पैशांचं जादा निर्वासित-साहाय्य तिकीट दिसलं, तर ते नोव्हेंबर १९७१ नंतरचं. तिकीट मात्र जुनं उरलेलंही कोणी लावतो, तेव्हा एकाच खुणेवर विसंबू नका.

रजिस्टर पाकिटाचा न्याय अगदी उलटा. ते पूर्ण बंद, पेटीत न टाकता खिडकीवर देऊन पावती घ्यायची. दर्शनी बाजूला ‘आर’ची चिठ्ठी, तिच्यावर कचेरीचं नाव आणि क्रमांक, खात्याच्या छापील पाकिटांवर निळ्या आडव्या-उभ्या रेघा. खरी गंमत पाठीमागे असते. वाटेतल्या कचेरीचे, कधी आर.एम.एस.चे (रेल्वे टपालसेवेचे) शिक्के तारखांच्या क्रमाने कागदावर मांडा, की पत्राचा मार्ग समोर येतो. आधी पुढून फोटो काढून ठेवा, मग पाठ वाचा.

पोस्टमनचा शेराही वाचा: ‘रिफ्यूज्ड’ (घ्यायला नकार), ‘लेफ्ट’ (पत्ता सोडून गेले), ‘नॉट क्लेम्ड’ (घ्यायला कोणी आलं नाही). कोर्टाच्या भाषेत हे शब्द फार महाग. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्ता घालून, पुरेसं टपाल भरून रजिस्टरने पाठवलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचली असं धरतात. म्हणून वकील ‘रजिस्टर ए.डी.’चा आग्रह धरत आणि सही होऊन परत आलेलं पोचपावतीचं कार्ड फायलीला टाचत. कार्ड सापडलं तर पाकिटाबरोबरच ठेवा. पैशांची गोष्ट वेगळी: रजिस्टर हा पुरावा, आतल्या पैशांच्या भरपाईची हमी नव्हे. नोटा पाठवायच्या तर विमा सक्तीचा. लाखेची मोहर दिसली तर ते विम्याचं असण्याची शक्यता धरून चाला.

२०२५ साली रजिस्टर स्पीडपोस्टात विलीन झालं. त्याआधीच्या काळातल्या बारकोडची सुरुवात ‘आरएम’ने असेल तर पत्र बहुधा महाराष्ट्रातून रजिस्टर झालेलं आहे.

तिकिटं पाण्यात भिजवून सोडवू नका. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर असतो; दोन्ही वेगळे केले की तारीख जाते. रॅपर सपाट करून, टेप न लावता, ज्या अंकाचं आहे त्याच अंकात ठेवा.