ग्लो इंजिन सुरू होत नाही? सुईला हात लावू नका, आधी प्लग बघा

मैदानावर बाकीची मॉडेल विमानं उडत असतात. आपण पंखा फिरवून फिरवून बोटं सुजवून घेतलेली असतात आणि इंजिन साधा ठसकाही देत नाही. अशा वेळी नवख्या माणसाला वाटतं की हा छंद आपल्यासाठी नाहीच. तसं काही नसतं. चांगल्या स्थितीतलं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन हट्टी नसतं. त्याला तापलेला ग्लो प्लग (यातली बारीक तार सेलवर तापते), योग्य प्रमाणात इंधन आणि काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मिळालं की ते सुरू होतंच. होत नसेल तर या तिघांपैकी काहीतरी कमी पडतंय, आणि बहुतेक वेळा तो प्लगच असतो.

मैदानावर मदतीला धावून येणारे जाणते पहिला हात सुईला, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला, घालतात. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना नम्रपणे थांबवा. सुई एकदा इकडेतिकडे फिरली की मूळ जागा हरवते आणि मग एकाऐवजी दोन दोष शोधत बसावं लागतं. इंजिनच्या माहितीपुस्तिकेत सुरुवातीचे फेरे दिलेले असतात, बहुतेक इंजिनांना अडीच ते तीन. सुई हलक्या हाताने पूर्ण बंद करायची, तिथून तेवढे फेरे उघडायची आणि इंजिन सुरू होईपर्यंत तिला विसरून जायचं. बंद करताना जोर लावलात तर सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात.

आता प्लगचा सापळा. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण नवख्यांच्या दुपारच्या दुपार यातच जातात.

प्लग काढून ग्लो ड्रायव्हरला, म्हणजे प्लगवर क्लिपने बसणाऱ्या सेलला, लावला, तार लालसर झाली, म्हणून प्लग चांगला असं ठरवलं जातं. इथेच फसगत होते. बाहेर हवेत कोरड्या तारेला तापायला फारसं काही लागत नाही. आत सिलिंडरमध्ये तिच्यावर गार, ओलं इंधन येऊन पडतं. प्लॅटिनमची तार गार झाली की तिचा रोध घटतो आणि ती जास्त करंट मागते. दमलेला सेल नेमका तेव्हाच तो देऊ शकत नाही. म्हणजे बाहेर पेटलेला दिसणारा प्लग आत विझलेला असतो, आणि तुम्ही मात्र सुई, टाकी, नळ्या तपासत बसता.

आकड्यांत सांगतो. साधारण प्लगला 1.5 व्होल्टवर 3 अँपिअरच्या आसपास करंट लागतो. ड्रायव्हरची वायर बारीक असेल किंवा क्लिपच्या टोकाला गंज चढून 0.1 ओहम रोध आला असेल, तर तिथेच 0.3 व्होल्ट खर्च होतात. निकेलचा ताजा चार्ज केलेला, दमदार 1.2 व्होल्टचा सेल बहुतेक प्लगना पुरतो. तोच सेल भाराखाली 1 व्होल्टपर्यंत उतरला तर पुरत नाही. म्हणून सेलचा व्होल्टेज नुसता मोजून काही कळत नाही. प्लग जोडलेला, तापलेला असताना मीटरची टोकं प्लगवरच लावून मोजा. तिथे आकडा ढासळत असेल तर सेल, वायर किंवा क्लिप यांपैकी एक दोषी आहे.

तारेचा रंगही नीट बघा. सावलीत धरल्यावर सगळे वेढे झगझगीत नारिंगी दिसायला हवेत. पहिले दोन वेढे काळे आणि खालचेच लाल, किंवा सगळेच मंद लाल, हे चालणार नाही. मग ड्रायव्हर काढून तार गार असताना बघा. चांगली तार गुळगुळीत आणि चमकदार असते. ती पांढरट, खरबरीत झाली असेल किंवा वेढे वाकून कडेला टेकले असतील तर प्लग टाकून द्या. इंधनातल्या मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या संपर्कात येऊन जळते म्हणूनच क्लिप काढल्यावरही इंजिन चालत राहतं. तो पृष्ठभाग मेला की प्लग बॅटरीवर छान पेटतो, पण क्लिप काढली की इंजिन बंद पडतं. शंका असेल तेव्हा सरळ नवा प्लग लावा, तांब्याचा वॉशर न विसरता. पेटीत दोन कोरे प्लग नाहीत तर मैदानावर जाऊच नका.

प्लग नक्की चांगला आहे हे ठरल्यावर पुढची तपासणी सोपी असते. थोडं प्राइम केल्यावर, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात थोडं इंधन ओढून घेतल्यावर, इंजिन क्षणभर फटफटून मेलं, तर आनंद माना: प्लग आणि काँप्रेशन ठीक आहेत, इंधन मात्र ओढलं जात नाहीये. टाकीतला क्लंक (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) नळीसकट पुढे अडकलाय का, मफलरची प्रेशर नळी आणि कार्ब्युरेटरची नळी यांची अदलाबदल झालीय का, सिलिकॉन नळीला बारीक छिद्र पडलंय का, ते बघा. टाकीचा मध्य सुईच्या पातळीत किंवा किंचित खाली हवा. टाकी बरीच खाली असेल तर इंधन वर चढत नाही, वर असेल तर आपोआप आत झिरपून इंजिन बुडतं.

बुडलेलं इंजिन ओळखता येतं. मफलरमधून इंधन ठिबकतं आणि पंखा एका जागी घट्ट अडतो. इथे इलेक्ट्रिक स्टार्टर लावू नका, अजिबात नाही! द्रव दाबला जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टर हे चांगलं साधन आहे, पण ज्याला हाताने पंखा फिरवून काँप्रेशन ओळखता येत नाही त्याने तो वापरू नये, असं मी ठामपणे म्हणतो. उपाय असा: क्लिप काढा, टाकीची नळी चिमट्याने दाबा, प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, विमान उलटं धरून पंखा भरपूर फिरवा. चेहरा प्लगच्या भोकासमोर नको, इंधनाची पिचकारी डोळ्यांत जाते. मग कोरडा प्लग लावून प्राइम न करता प्रयत्न करा.

प्राइम करायचं तेव्हा क्लिप काढलेली हवी. थ्रॉटल पूर्ण उघडून कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवा, इंधन नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचलेलं दिसलं की पुढे पंख्याचे दोनच फेरे. मग थ्रॉटल आयडलच्या जरा वर आणा, क्लिप लावा आणि पंखा समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने झटकन फिरवा. बोटाने नको, काठीने. विमान कुणीतरी धरलेलं किंवा बांधलेलं हवं आणि सैल बाही नको. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे इंधनाचा डबा बंद करून लांब ठेवा.

इंधन जुनं असेल तर त्यावर वेळ घालवू नका. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, झाकण सैल राहिलेला डबा बेभरवशाचा. 5 ते 15 टक्के नायट्रोमिथेनचं ताजं, बंद डब्यातलं इंधन घेऊन बघा.

काँप्रेशनची भीती मात्र बाळगू नका. नव्या एबीसी इंजिनात (अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी सिलिंडर) पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकल्यासारखा वाटतो, ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. हेअर ड्रायरने सिलिंडर गरम केला की फिरवणं सोपं जातं. बरीच वर्षं पडून असलेल्या इंजिनात इंधनातलं एरंडेल तेल चिकट होऊन बसतं. तेही आधी गरम करा, मग पातळ तेलाचे थेंब घालून पंखा हलकेच पुढेमागे करा. याउलट पंखा सहज फिरत असेल, कुठेच अडत नसेल, तर प्लग आणि हेडचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. साबणाचं पाणी लावून फिरवलं की गळती बुडबुड्यांनी दिसते.

इंजिन सुरू झालं की थ्रॉटल लगेच पूर्ण उघडू नका. अर्धा मिनिट तसंच चालू द्या, पंख्याच्या मागे जाऊन क्लिप काढा आणि मगच सुई हळूहळू, एकावेळी दोन-तीन खाचा, बंद करत जा.