कॉलेज फुटबॉल टीमचा डिफेन्स कसा जोखायचा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्स (समोरच्यांना अडवणारी बाजू) बघताना समोरच्या टीमला पुढे जाऊ दिलेल्या एकूण यार्ड्सवर जाऊ नका, दर प्लेला (एकेका चालीला) किती यार्ड्स दिले ते बघा, कारण समोरची टीम फास्ट खेळणारी असली की एकूण आकडा उगाच फुगतो. आणि हो, कॉलेजमध्ये सॅकचे (पास फेकायच्या आधीच फेकणाऱ्याला मागे पाडणं) गेलेले यार्ड्स रनिंगमधून, म्हणजे बॉल घेऊन पळून मिळवलेल्या यार्ड्समधून, वजा होतात (एनएफएल या प्रो लीगमध्ये पासिंगमधून), त्यामुळे रन डिफेन्स आहे त्यापेक्षा भारी वाटतो, म्हणून सॅक बाजूला काढून परत हिशोब करा. मग थर्ड डाउनला (10 यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरीला) किती वेळा अडवलं, शेवटच्या 20 यार्डांत टचडाउन (6 गुण) दिला की फील्ड गोलवर (किक मारून 3 गुण) भागवलं, हे बघायचं. फंबल रिकव्हरीवर (समोरच्याच्या हातातून सुटलेला बॉल मिळवणं) फार भाळू नका, ते बरंचसं नशीबच असतं.