रोजची गाडी ट्रॅकवर नेताना: आधी ब्रेक, मग बाकीचं

ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचा दिवस, म्हटलं की बहुतेकांचं लक्ष इंजिनाकडे जातं. नीट निगा राखलेलं इंजिन तिथे सहसा निभावून नेतं. आधी हात टेकतात ते ब्रेक. खर्च करायचाच असेल तर पहिला पैसा तिथे घाला.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ (ही ब्रेक ऑइलची एक प्रत) प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पाय मारला की ते दबतात आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून सीलबंद डब्यातलं नवं डॉट ४ किंवा ५.१ भरा, एक लिटर बहुधा पुरतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

ऑइल बदलताना ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरवरचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव वळसा सैल करून पारदर्शक नळीतून ऑइल बाहेर येऊ द्यायचं. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा उलट आत ओढली जाते. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी सतत बघा. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने ठरवू नका.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. झिजलेल्या पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. नवे बसवले तर आधी रस्त्यावर बेडिंग करून घ्या, म्हणजे ब्रेक मारत पॅड डिस्कवर नीट बसू द्या. डिस्कच्या कडेपर्यंत तडा गेला असेल तर डिस्क बदलाच.

इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, त्यापुढे नाही. पेट्रोल निम्म्या टाकीच्या वर ठेवा. कमी असलं की लांब वळणात ते एका बाजूला सरकतं आणि इंजिन आचके देतं.

चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासा. चाकाचे नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. पहिल्या सेशननंतर (ट्रॅकवरच्या फेऱ्यांची एक पाळी) चाकं निवली की पुन्हा तपासा. बॅटरीचा क्लॅम्प हलत नाही ना, तेही पाहा. ड्रायव्हरखालची मॅट, बाटल्या, जॅक, स्टेपनी सगळं बाहेर. सुटी मॅट पेडलखाली अडकली तर ब्रेकच लागत नाही.

टायरची हवा थंड असताना लिहून ठेवा. सेशननंतर ती ४ ते ६ पीएसआयने वाढलेली असू शकते, कधी जास्तही. कडा जास्त घासल्या असतील तर हवा कमी पडतेय; मधलाच पट्टा घासला असेल तर थोडी काढा.

शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता सावकाश मारा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. परतीला निघण्यापूर्वी टायरमधून काढलेली हवा पुन्हा भरा आणि नट एकदा तपासा.