सोलापूरच्या एमएमए फायटरने आपला प्रेक्षक कसा जोडावा

सोलापूर जिल्ह्यात झुंज पाहणारा प्रेक्षक नव्याने घडवावा लागत नाही. गावोगावच्या यात्रांत हलगीच्या ठेक्यावर कुस्त्यांचा फड भरतो, आणि मोहोळ, माळशिरस, मंगळवेढ्याकडची जाणती माणसे पैलवान सलामी कशी देतो, पकड कशी घेतो, खरोखर लढतो की नुसता वेळ काढतो, हे पहिल्या काही मिनिटांतच ओळखतात. मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए शिकणाऱ्या तरुणाने चाहत्यांचा विचार करताना आधी याच माणसांकडे पाहावे. आखाड्यात जसा, तसाच घरी आणि चौकात वागणारा पैलवान त्यांना आपला वाटतो. बाकीचे गुण त्यानंतर मोजले जातात.

साधेपणा हा बोलण्याचा गुण आहे असा समज आहे. माझ्या मते तो आधी लढतीत दिसतो. हवाईतील वायानाए या गावात वाढलेला मॅक्स हॉलोवे 13 एप्रिल 2024 रोजी यूएफसी (एमएमएच्या लढती भरवणारी मोठी अमेरिकन संस्था) हिच्या यूएफसी 300 या कार्यक्रमात जस्टिन गेजीविरुद्ध गुणांवर पुढे होता. शेवटची दहा सेकंदे दूर राहून काढली असती तरी तो जिंकला असता. पण त्याने केजच्या, म्हणजे जाळीने वेढलेल्या आखाड्याच्या, मध्यभागी जमिनीकडे बोट दाखवून प्रतिस्पर्ध्याला समोरासमोर बोलावले आणि पाचव्या फेरीचा एक सेकंद उरला असताना त्याला नॉकआउट केले. निकाली कुस्तीसाठी उन्हात बसून राहणाऱ्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नवोदित फायटरने इतका मोठा धोका पत्करावा असे मी म्हणणार नाही, पण आघाडी मिळाल्यावर पळत राहण्याची सवय मात्र सरावातच मोडून काढावी.

दुसरे काम समजावून सांगण्याचे आहे, आणि ते बहुतेक फायटर टाळतात. आपल्याकडील प्रेक्षक एका ठिकाणी हमखास अडतो: पाठ टेकली की त्याच्या लेखी कुस्ती संपते, परंतु एमएमएमध्ये पाठीवर पडलेला फायटरही पायांच्या विळख्यात प्रतिस्पर्ध्याला अडकवून, त्याचा गळा आवळून किंवा कोपराचा सांधा ताणून त्याला टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला, लावू शकतो. म्हणून आपल्या भागातील तालमीत जावे, वस्तादांची परवानगी घ्यावी आणि दुहेरी पट काढल्यानंतर, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडल्यानंतर, केजमध्ये पुढे काय घडते ते मुलांसमोर सावकाश करून दाखवावे. फेरी 5 मिनिटांची असते, साधारण लढत 3 फेऱ्यांची आणि विजेतेपदाची 5 फेऱ्यांची असते, टॅप केल्याबरोबर लढत थांबते आणि स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्याला पंच वाचवतात, हे मुलांच्या आयांनाही सांगावे. पोराला मार बसेल ही त्यांची भीती खरी असते. ती हसण्यावारी नेणारा फायटर त्या घराला कायमचा मुकतो.

पोटापाण्याचे काम लपवू नये. स्टिपे मिओसिच 2016 मध्ये यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला, तरी ओहायोमधील अग्निशमन दलातील नोकरी त्याने सोडली नाही, आणि लोकांना त्याचे तेच सर्वाधिक भावले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, यंत्रमागावर किंवा मार्केट यार्डात काम करून संध्याकाळी सरावाला जाणाऱ्या तरुणाने आपला दिवस जसा आहे तसा दाखवावा. गरिबीचे भांडवल मात्र करू नये, कारण तेच कष्ट करणारे हजारो लोक त्याच शहरात राहतात आणि रडगाणे त्यांना लगेच कळते. भाषेचेही तसेच आहे. ब्राझीलचा फायटर चार्ल्स ऑलिव्हेरा दुभाष्याच्या मदतीने, पण आपल्या पोर्तुगीजमध्ये बोलतो. सोलापूरच्या फायटरने घरात बोलली जाणारी मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू मुलाखतीत निःसंकोच वापरावी.

शिवराळपणावरही तिकिटे खपतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2018 मधील रशियाचा खबीब नुरमागोमेदोव आणि आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर यांची यूएफसी लढत त्याआधीच्या कटुतेमुळेही प्रचंड पाहिली गेली. पण तो बाजार लढती भरवणाऱ्या मोठ्या संस्थांचा असतो. ज्याला उद्या त्याच गल्लीतून सरावाला जायचे आहे, त्याने प्रतिस्पर्ध्याच्या आईबापांवर, जातीवर किंवा गावावर बोलू नये आणि रस्त्यावरच्या भांडणात हात उचलू नये.

हरल्यानंतरचा दिवस सर्वांत अवघड असतो. पंच, वजन किंवा दुखापत यांच्यावर खापर न फोडता नेमकी चूक एका वाक्यात सांगावी आणि जिंकणाऱ्याचे नाव आदराने घ्यावे. 2019 मध्ये अबू धाबी येथे अमेरिकन फायटर डस्टिन पोरियर खबीबकडून हरला. दोघांनी शर्टांची अदलाबदल केली आणि खबीबने 1 लाख डॉलर पोरियरच्या सेवाभावी संस्थेला देण्याचे जाहीर केले. पोरियर स्वतः आपल्या लढतींतील साहित्याचा लिलाव करून लुईझियानातील गरजूंसाठी पैसा उभा करत असे.

मदत घेणाऱ्यानेही हिशेब चोख ठेवावा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना लोकांनी पैसे दिले होते, म्हणून त्यांचे कांस्यपदक पंचक्रोशीला आपले वाटले आणि परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. प्रवासासाठी वर्गणी जमवली असेल, तर लढतीहून परतल्यावर आठवड्याभरात कोणाकडून किती आले, तिकीट, वैद्यकीय तपासण्या आणि मुक्काम यांवर किती खर्च झाले आणि काय उरले, हे लिहून तालमीच्या फळ्यावर लावावे, मग निकाल कोणताही लागलेला असो.